ढोश्या

"आजपासनं हे बंद," असं म्हणत हौसामावशीनं भिंतीतला प्लग उपसला आणि वायर कोपरावर गुंडाळत ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. मशीनची घरघर थांबली, तसा बाहेरचा पाऊस एकदम जवळ आल्यासारखा वाटला. बाजेवर शुभाताई डोळे मिटून पडली होती. कपाळाला फडकं घट्ट आवळलेलं. शेजारी दुपट्यात गुंडाळलेली तिची लेक, जिचं अजून बारसंही झालं नव्हतं, शांत झोपली होती.

"मावशी, खोली परत ओल धरेल," मी म्हणाले.

"धरंना. ओलीनं कुणाचं दूध आटल्यालं मी ऐकलं न्हाई."

आई पेजेची वाटी घेऊन दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मावशीकडे बघितलं आणि कुणाचीच बाजू घ्यायची नाही असं ठरवल्यासारखी वाटी कोनाड्यात ठेवली. सकाळी तिनंच ते पाहिलं होतं. ताई बाळाला उचलत होती, आणि मध्येच तिच्या हातातली ताकदच गेली. आई शेजारी होती म्हणून बाळ वरच्या वर झेललं गेलं. तेव्हापासून आईच्या ओठांवरचा रंग परत आला नव्हता.

मशीन म्हणजे डिह्युमिडिफायर. आमच्या दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, पुण्याहून आणलेला. गुडघ्याएवढा, पांढरा, खाली चाकं. हवेतला ओलावा आत ओढायचा, आतल्या गार नळ्यांवर त्याचं पाणी व्हायचं आणि खालच्या भांड्यात साठायचं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसंच हे, असं मी मावशीला समजावलं होतं. मी नुकतीच रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाले होते आणि दिसेल त्याला काहीतरी समजावत होते. मावशी म्हणाली होती, "तांब्या वीज खात न्हाई." भांडं पुन्हापुन्हा भरतंय हे पाहून तिनंच त्याचं नाव ढोश्या ठेवलं. "ढोश्या भरला गं, वत जा," अशी तिची हाक आली की मी भांडं घेऊन पडवीत जायची.

आमचं घर महाबळेश्वरच्या अलीकडे, रस्त्याच्या खालच्या अंगाला. आमच्याकडे पाऊस सुरू व्हायच्या आत घरांच्या भिंतींना बाहेरून गवताच्या झड्या बांधतात. गवताचे जाड पडदेच ते. खिडक्याही त्यांच्याखाली जातात. मग त्या काढेपर्यंत घरात भरदुपारीही दिवा लागतो. झड्यांनी पावसाचा मार अडतो, ओल अडत नाही. मीठ पाघळतं, काडेपेटी पेटत नाही, चपलांवर पांढरी बुरशी येते. बाळाचे लंगोट शेगडीवर बांबूचं डालगं उपडं घालून त्यावर वाळवायचे. सगळ्या घराला एक कुबट वास, जो आम्हाला येत नाही आणि पाहुण्यांना आल्याआल्या येतो.

दाजींना तो आला होता. ताईचं पहिलं मूल पुण्यातल्या त्यांच्या तळमजल्याच्या खोलीत, ओल्या भिंतीशेजारी, छाती भरून गेलं. त्यानंतर दाजी ओल या शब्दालाच भ्यायचे. दुसऱ्या बाळंतपणाला ताई माहेरी येणार, आणि तेही ऐन पावसात, हे त्यांना पसंत नव्हतं. पण माहेरचा मान मोडवेना, म्हणून त्यांनी एक अट घातली, खोली ते स्वतः तयार करणार. मग त्यांनी सुट्टी काढून ती केली. कौलांखाली प्लास्टिकच्या पट्ट्यांचं छत ठोकलं. खिडकीच्या आणि दाराच्या फटींना स्पंजाची चिकटपट्टी लावली, अगदी उंबऱ्यालासुद्धा. मशीनच्या माहितीपत्रकात तसंच लिहिलं होतं, की दारं-खिडक्या बंद ठेवा, नाहीतर यंत्र साऱ्या गावाची हवा वाळवत बसेल. जाताना त्यांनी भिंतीवर हाताच्या पंजाएवढं एक घड्याळासारखं यंत्र लावलं, आर्द्रता दाखवणारं. "मेव्हणीबाई, आकडा साठाच्या वर जाऊ द्यायचा नाही," असं मला बजावून गेले.

आकडा गेला नाही. भिंती कोरड्या झाल्या, दुपटी कुरकुरीत वाळली. आईला तर ती खोली परक्याच्या घरातली वाटायची. पण ताई दिवसेंदिवस खचत चालली. डोकं ठणकायचं, मळमळायचं, बोलता बोलता शब्द सापडायचा नाही. आई म्हणाली, अशक्तपणा. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई येऊन गेल्या, त्यांनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. मावशीला मात्र कारण सापडलं होतं.

"यंत्र भिंतीतलं पाणी वढतं. कपड्यातलं वढतं. मग बाळंतिणीच्या अंगातलं काय सोडतंय व्हय?"

तिचा तर्क अगदीच टाकाऊ नव्हता. ताईचे ओठ सुकत होते हे खरं होतं. मावशीनं आमच्या वाडीतल्या निम्म्या बाळंतपणांचा शेकशेगडीचा भार उचलला होता आणि तिच्या हातून कुणाला काही झालं नव्हतं.

मी पडवीत जाऊन दाजींना फोन लावला. त्यांनी नीट ऐकूनही घेतलं नाही. मशीन आधी चालू कर, मग बोल, असंच म्हणत राहिले. मावशीनं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"जावईबापू, लेक तुमची हाय तशी आमची बी हाय," ती शांतपणे म्हणाली. "तुमी खोली केली, मी बोलले का कायी? आता बाळंतीण मला करू द्या."

पलीकडून दाजी काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. मावशीनं फोन माझ्याकडे दिला, ढोश्याला चाकांवरून ढकलत पडवीत आणून भिंतीला लावला आणि कोळशाच्या पोत्याकडे वळली.

त्या पोत्याचीही एक गोष्ट होती. दोन दिवसांपूर्वी पडवीच्या गळतीखाली राहून ते चिंब झालं होतं. आदल्या दिवशी शेगडी पेटलीच नाही. नुसता धूर करायची आणि विझायची. मावशी दिवसभर चिडली होती, कारण शेक नाही, आणि त्यात बाळ सकाळपासून टाहो फोडत होतं. ताई उठून बसली होती, लेकीला मांडीवर घेऊन हलवत होती, पण पोर काही थांबेना. संध्याकाळी मावशीनं मीठ-मिरच्या उतरवून मागच्या चुलीत टाकल्या आणि म्हणाली, नजर जबर होती. मग पोतं ढोश्यासमोर ठेवलं. सकाळपर्यंत कोळसा खडखडीत वाळला. "ह्ये एक काम बरं केलं मेल्यानं," मावशी म्हणाली होती आणि उजाडताच शेगडी भरून आत नेली होती.

आताही ती सुरेख पेटली. धूर पूर्ण जाईपर्यंत मावशीनं ती पडवीतच ठेवली. बाळंतिणीच्या खोलीत धुराचा एक टिपकाही न्यायचा नाही, हा तिचा कडक नियम. निखारे लालबुंद झाल्यावर तिनं ती आत नेऊन बाजेखाली सरकवली. मशीन नाही म्हणून नेहमीपेक्षा जास्त निखारे घातले, आणि आणखी एक छोटं घमेलं भरून कोपऱ्यात ठेवलं. मग दार लावून घेतलं. स्पंजाच्या पट्टीवर दार बसताना एक मऊ आवाज व्हायचा, डब्याचं झाकण बसावं तसा.

मीही आत बसले. खरं सांगायचं तर मला आकडा बघायचा होता. मशीन बंद झाल्यावर ओल किती वेगानं परत येते याची मला उत्सुकता होती. मावशीनं शेगडीवर फडकं शेकून ताईच्या कमरेला, पोटाला लावायला सुरुवात केली. खोली उबदार झाली. बाळ झोपलेलंच होतं.

"किती गुणाची हाय बग," मावशी म्हणाली. "काल येवढा कल्ला केला, आज डोळा उघडंना. ते मशीनच बाधत हुतं."

मी आकडा बघितला. थोड्या वेळानं पुन्हा बघितला आणि मघाचा किती होता ते आठवेना. मला आकडे विसरायची सवय नाही. कॉलेजात मैत्रिणी मला त्यावरून चिडवायच्या. मी पुन्हा वर बघितलं, तोंडानं आकडा म्हटला, मग मान खाली घातली, आणि तो गेला. कानशिलं ठणकत होती. वाटलं, डोळ्यांवर झापड येतेय, सकाळी लवकर उठल्यामुळे असेल.

ताई एकदम कुशीवर वळली आणि तिला उलटी झाली.

"पित्त पडलं. बरं झालं," मावशी म्हणाली. पण फडकं घ्यायला ती उठली नाही. भिंतीला टेकून बसून राहिली. मी फरशी पुसली, ताईचं तोंड पुसलं. ताईनं माझा हात धरला.

"तेजू, काल मला बरं वाटत होतं ना गं?" ती विचारत होती. तिला खरंच खात्री नव्हती.

"हो. काल तू बसली होतीस."

"मग आज काय झालं?"

मी घाणेरडं फडकं घेऊन बाहेर आले. पडवीत वाऱ्याचा सपकारा तोंडावर आला, पावसाचे शिंतोडे घेऊन. दोन-चार श्वास घेतले आणि डोक्यावरचा हात कुणीतरी काढून घेतल्यासारखं झालं. समोर ढोश्या उभा होता, वायर गुंडाळलेली. शेजारी कोळशाचं पोतं. अण्णा, माझे वडील, खांबाला टेकून जीपच्या ताडपत्रीची दोरी वळत बसले होते. पावसाळ्यात पर्यटक नसत, म्हणून जीप उभीच असायची.

मी ताईचा प्रश्न पुन्हा मनात म्हटला. काल काय होतं? काल मशीन चालू होतं आणि ताई बरी होती. आज सकाळी मशीन चालू होतं आणि ताईच्या हातून बाळ निसटलं. आता मशीन बंद होतं आणि ती आणखी वाईट होती. म्हणजे मशीन काही करत नव्हतं. मग काल नव्हतं आणि आज होतं असं काय?

माझी नजर पोत्यावर गेली.

आम्हाला कॉलेजात कार्बन मोनॉक्साइड एका ओळीत शिकवला होता. रंग नाही, वास नाही, हवा कमी पडली की जळत्या कोळशातून तयार होतो. मावशीनं शेकडो वेळा शेगडी आत नेली होती आणि काही झालं नव्हतं, कारण कौलांना फटी होत्या, दाराखालून मांजर जाईल एवढी जागा होती. त्या फटी दाजींनी बुजवल्या होत्या. आणि मशीन होतं तोवर त्याचं भांडं ओतायला कुणीतरी सारखं दार तरी उघडत होतं. आता तेही थांबलं होतं. आणि आत मावशी, जी दिवसा कधी पाठ टेकत नाही, भिंतीला टेकून बसली होती.

मी धावले. दार ढकललं. मावशीचे डोळे मिटलेले, मान एका बाजूला.

"मावशी, ऊठ. सगळे बाहेर चला. खोलीत विषारी वायू आहे."

तिनं डोळे उघडले, पण मी काय म्हणते ते तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. मी बाळाला उचललं तेव्हा मात्र ते पोचलं. ती भिंतीला धरून उठली आणि दाराच्या चौकटीत आडवी उभी राहिली.

"कुठं नेतीस तिला? भाईर वारं सुटलंय."

"शेगडीमुळे होतंय हे. कोळशाचा वायू साठलाय."

"धूर कुठाय?" ती म्हणाली. "दाखव मला. एक टिपका धूर दाखव."

"धूर नसतो त्याला."

"धूर न्हाई, वास न्हाई, मग तुला कसा दिसला?" चौकटीवरचे तिचे हात घट्ट होते. "एक लेकरू गेलंय आमचं. ह्ये वाऱ्यात नेऊ द्यायची न्हाई मी."

तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. दाजींच्या आवाजात होती तीच. माझ्या हातात बाळ होतं आणि ते हलत नव्हतं. एवढ्या आरडाओरड्यातही.

"मावशी," मी म्हटलं, "मला बाहेर सोडू नकोस. फक्त तिला जागी कर. इथंच. कर जागी."

मावशीनं एक हात सोडून बाळाचा गाल चिमटला. मग जरा जोरात. मग दुपटं बाजूला करून तळपायावर टिचकी मारली, जशी तिनं वाडीतल्या किती पोरांना मारली असेल. बाळाचा पाय हातात लोळत राहिला.

मावशी चौकटीतून बाजूला झाली.

मी पडवीत आले. अण्णांना हाक मारली, ते दोरी टाकून आत पळाले आणि ताईला दोन्ही हातांवर उचलून घेऊन आले. आई स्वयंपाकघरातून धावत आली. तिला काही सांगायला वेळ नव्हता. मी पडवीच्या अगदी कडेला, कौलांवरून पावळीचं पाणी पडतं तिथं जाऊन उभी राहिले आणि बाळाचं दुपटं उघडलं. वारा तिच्या उघड्या छातीवर आला. मावशी माझ्यामागे येऊन उभी होती. आई देवाचं नाव घेत होती. मी बाळाचे तळवे चोळत होते, पाठ चोळत होते. छाती हलतेय की माझाच हात हलतोय ते कळत नव्हतं.

पावळीचे चार थेंब तिच्या तोंडावर उडाले. तिनं नाक मुरडलं. ओठ वाकडा केला. मग एक बारीक, तक्रारीचा आवाज, आणि मग ती रडली. काल रडत होती तशीच, टाहो फोडून.

मावशी मटकन खाली बसली आणि तिनं पदर तोंडात धरला.

अण्णांनी धुक्यात जीप कशी चालवली ते त्यांनाच माहीत. रस्ता दिसत नव्हता. मी मागच्या काचा उघड्या ठेवल्या होत्या आणि सगळे भिजत होते. कुणी काच लावा म्हटलं नाही. बाळ रडायचं थांबलं की मावशी तिच्या तळपायाला टिचकी मारायची.

दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला, आणि मावशीलाही, तिनं नको नको म्हटलं तरी. डॉक्टरांनी सगळं ऐकून एकच विचारलं, खोलीत काही पेटवलं होतं का. उत्तर मावशीनं दिलं. "धूर नव्हता, डॉक्टर. एक टिपका धूर नव्हता." ते मान हलवून पुढच्या खाटेकडे गेले, पण ती तेच म्हणत राहिली, तोंडावरच्या मास्कमधून, कुणालाच उद्देशून नाही.

दाजी संध्याकाळी पोचले. आधी दवाखान्यात गेले, ताईजवळ बसले, बाळाचा हात बोटात धरून राहिले. दुसऱ्या दिवशी मला आणि मावशीला घेऊन घरी आले. त्यांनी खिडकीची चिकटपट्टी सोलून काढली, मग दाराची, मग उंबऱ्याची. छताच्या दोन पट्ट्या उचकटल्या, तशी कौलांमधून उजेडाची एक चीर खोलीत पडली. अण्णांनी बाहेरून खिडकीसमोरच्या झडीचा एक कोपरा कापला. मावशी दारात उभी राहून बघत होती. दाजी उठले तेव्हा तिनं वाकून बाजेखालची विझलेली शेगडी उचलली आणि त्यांच्या शेजारून पडवीत नेऊन ठेवली. मग मावशीनंच ढोश्याला ढकलत आत आणलं आणि वायरीचा गुंता सोडवून प्लग दाजींच्या हातात दिला.

मशीन चालू झालं. फट होती म्हणून आकडा साठाच्या खाली कधी गेला नाही. कुणी त्यावरून कुरकुर केली नाही.

बाळाचं नाव गार्गी ठेवलं. आता ती पाचवीत आहे, प्रश्न विचारून जीव खाते.

परवा, म्हणजे याच पावसाळ्यात, माझ्या मामेबहिणीचं, कोमलचं बाळंतपण आमच्याकडेच झालं. मावशी आता थकलीय, शेक करत नाही, पण कोमलला आणलं तेव्हा सगळ्यांच्या आधी खोलीत जाऊन उभी राहिली. उदबत्ती पेटवली आणि खिडकीच्या फटीशी धरली. धुराची रेघ आत ओढली जाऊन वाकडी झाली, तेव्हा मान हलवली. मग दाराशी धरली. मग उंबऱ्याशी, कंबर धरून वाकून. धुराचा टिपका आत नेऊ न देणारी बाई खोलीभर धूर घेऊन फिरत होती. शेगडी पडवीत होती, फडकी तिथं शेकून आत यायची. कोपऱ्यात ढोश्या घरघरत होता.

बाळानं सकाळपासून रडून घर डोक्यावर घेतलं होतं. कोमलची सासू आली होती, ती अस्वस्थ झाली. किती वेळ रडतंय, दृष्ट तरी काढा, म्हणाली. कोमल त्याला उचलायला गेली.

"असू दे," मावशी म्हणाली. भिंतीला हात लावून ती बाजेशेजारी खाली बसली आणि पाय पसरले. "रडू दे जरा. आयकू दे मला."